उतरन आणि खिलअत : रुईदार जाकिटाची कुळकथा

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. आमच्या गिरणाकाठच्या गावात जानेवारीतली सकाळची शाळा म्हणजे विद्यार्थी आणि शिक्षक, दोघांचीही परीक्षाच. पहिल्या तासाला बोटांत खडू धरवत नाही. अशाच एका सकाळी सातवीच्या वर्गात एक मुलगा नवे जाकीट घालून आला. नवे म्हणजे त्याच्यासाठी नवे. गडद हिरव्या कापडावर शंकरपाळ्यांसारखी टाक्यांची नक्षी, कॉर्डरॉयची कॉलर, चाप बसणारी बटणे. बाह्या मात्र चार बोटे लांब. आठवडे बाजारात जुन्या विलायती कपड्यांच्या गाठी फुटतात, तिथून त्याच्या वडिलांनी ते आणले होते.

मागच्या बाकावरून आवाज आला, "उतरन पहनके आया!" वर्ग हसला. मुलाने मुकाट्याने जाकीट काढले, दप्तरात कोंबले आणि उरलेले पाच तास तो सदऱ्यावर कुडकुडत बसला.

आम्ही त्या दिवशी जे सगळे शिक्षक करतात तेच केले. हसणाऱ्यांना दम दिला. दमाने वर्ग गप्प होतो, पण पोराच्या मनाला लागलेला शब्द काही निघत नाही. मधल्या सुट्टीत ते जाकीट मागून घेऊन आम्ही उलटे करून पाहिले. आत एक कापडी पट्टी, तिच्यावर विटलेला घोडेस्वार आणि अर्धवट पुसलेली इंग्रजी अक्षरे. घरी इंटरनेटवर पाहिले तर कळले की असल्या जाकिटांचे नवे भाव कित्येकदा लाखाच्या घरात असतात आणि जुनी जाकिटेही लंडन-पॅरिसमध्ये 'वारसा' म्हणून हजारोंना विकली जातात. आमच्या वर्गातले जाकीट खरे की नकली, हे आम्हाला सांगता येणार नाही. पण एक प्रश्न मात्र डोक्यात घर करून बसला. जे कापड पॅरिसमध्ये 'वारसा' ठरते तेच आमच्या बाकावर 'उतरन' कसे ठरते? आणि मुळात हा वारसा आहे तरी कुणाचा?

त्या पोराला त्या दिवशी देता न आलेले उत्तर आम्ही पुढचे काही महिने शोधत राहिलो. हा लेख म्हणजे ते उत्तर.

शब्दांची कुळे

उर्दूच्या शिक्षकाला पहिली सवय शब्दाचे मूळ शोधण्याची. इथेही आम्ही शब्दांपासूनच सुरुवात केली, आणि शब्दांनी आम्हाला फार लांब नेले.

इंग्रजीतला 'कॉटन' हा शब्द अरबी 'कुत्न'पासून आला. स्पॅनिशमध्ये कापसाला 'अल्गोदोन' म्हणतात. त्यात तर अरबीतला 'अल'सुद्धा शाबूत आहे. मध्ययुगातले युरोपी सैनिक लोखंडी जाळीच्या चिलखताखाली कापूस भरून टाके घातलेला जाड डगला घालत. त्याचे नाव 'अ‍ॅक्टन', म्हणजे पुन्हा 'अल-कुत्न'च. त्याच जातीच्या दुसऱ्या अंगरख्याचे नाव 'जुपाँ'. तो आपल्या 'जुब्ब्या'चा वंशज. मराठीतला झब्बा आणि फ्रेंच बायकांचा 'जूप' म्हणजे घागरा हे याच घराण्यातले लांबचे भाऊबंद.

आजच्या नामांकित फॅशनघराण्यांकडे येऊ. रजईसारखे टाके घातलेल्या कापडाला आणि चामड्याला त्यांचा लाडका फ्रेंच शब्द आहे 'मातलासे'. तो 'मातला', म्हणजे गादी, या शब्दावरून झाला. 'मातला' इटालियनमधून आला आणि इटालियनमध्ये तो अरबी 'मतरह'वरून. मतरह म्हणजे जिथे अंथरूण टाकले जाते ती जागा. धातू 'त-र-ह', अर्थ टाकणे, मांडणे. उर्दू मुशायऱ्यातली 'तरह' आणि 'तरही मिसरा' हे शब्द याच धातूचे. मिसरा मांडला जातो आणि शायर त्यावर गझल रचतात. पॅरिसच्या काचेच्या कपाटातली पर्स आणि आमच्या गावचा तरही मुशायरा एकाच धातूतून निघाले असतील, असे कोणाच्या मनात तरी आले असते का?

शब्द असे उगाच प्रवास करीत नाहीत. त्यांच्याबरोबर वस्तूही जातात, आणि वस्तू करणारे हातही.

चिलखताच्या आतले चिलखत

बाराव्या शतकातले शाम, म्हणजे आजचा सीरिया. शैझरच्या किल्ल्यात वाढलेले उसामा इब्ने मुंकिज (१०९५–११८८) यांनी म्हातारपणी 'किताबुल इतिबार' या नावाने आपल्या आठवणी लिहिल्या. त्यात आपल्या 'कझागंद'चे, म्हणजे अस्तर लावून शिवलेल्या चिलखती डगल्याचे वर्णन आहे. त्यात लोखंडी कड्यांचे दोन थर होते. त्यातला एक फिरंगी बनावटीचा. शिवाय नमद्याची गादी, कच्चे रेशीम आणि सशाची लोकर. म्हणजे शत्रूच्या देशातली जाळी आपल्या अस्तरात शिवून ती शत्रूशीच लढताना घालायची. दोन जगे एकमेकांवर तलवारी उपसून उभी होती आणि त्यांचे दर्जी मात्र एकमेकांकडून शिकत होते!

दुसऱ्या बाजूचे चित्र सुलतान सलाहुद्दीन यांच्या लष्कराचे काझी बहाउद्दीन इब्ने शद्दाद यांनी रेखाटले आहे. ११९१ साली फिरंगी फौज अक्काहून दक्षिणेला चालली होती. तिच्या पायदळाच्या अंगावर जाड नमद्याचे डगले आणि जाळीची चिलखते होती. एकेकाच्या पाठीत दहा-दहा बाण रुतलेले आणि तरीही ती माणसे पाऊल न चुकता चालत होती, असे ते लिहितात. शत्रूच्या कपड्याची अशी मोकळ्या मनाने दाद देणारा इतिहासकार आम्हाला मोठा वाटतो.

इंग्लंडात या डगल्याला कायद्यानेच जागा दिली होती. राजा दुसरा हेन्री याने ११८१ साली शस्त्रांविषयी हुकूम काढला. श्रीमंतांनी लोखंडी चिलखत बाळगावे आणि सामान्य नागरिकांनी टाक्यांचा जाड डगला, लोखंडी टोपी व भाला. ही शस्त्रे कोणी विकायची नाहीत, गहाण टाकायची नाहीत आणि माणूस मेला की ती त्याच्या वारसाकडे जायची. रुईदार डगला हा गरिबाचे चिलखत होता, आणि बापाची उतरन घालणे ही लाज नव्हती, तो हुकूम होता.

अकबराचा कोठार आणि पिंजाऱ्याची धुनकी

आपल्या मुलखात हा टाका किती जुना आहे ते सांगणे कठीण आहे. घरोघरी गोधडी शिवणारी आजी कधी इतिहास लिहीत बसली नाही. पण लिखित पुरावा पाहिजेच असेल तर अबुल फजलची 'आईने अकबरी' उघडावी. शाही कपड्यांच्या प्रकरणात त्याने 'शाह-आजीदा' नावाच्या डगल्याची नोंद केली आहे. त्याचे दुसरे नाव 'शस्त-खत', म्हणजे साठ रेघा, कारण एका गिरहच्या मापात टाक्यांच्या साठ ओळी बसत. त्याला दुहेरी अस्तर असे, कधी आत रुई भरून टाके घातले जात, आणि शिलाई गजाला दोन रुपये. 'गदर' नावाच्या दुसऱ्या डगल्यात रुई अधिक असे. हिंदुस्थानात तो लोकरी कातड्याच्या कोटाची जागा घेई, असेही त्याने लिहून ठेवले आहे. शिलाईचा भाव नोंदवणारा दरबारी इतिहासकार मिळाला, पण शिवणाऱ्याचे नाव त्यानेही दिले नाही. ही रीत पुढे चारशे वर्षे चालू राहिली.

सोळाव्या-सतराव्या शतकांत पोर्तुगीज जहाजांनी बंगालच्या आणि गुजरातच्या भरतकामाच्या रजया लिस्बनला नेल्या. त्यांचे नमुने आज युरोप-अमेरिकेच्या संग्रहालयांत जपून ठेवले आहेत. फ्रान्समध्ये हिंदुस्थानी छापील कापडाची एवढी ओढ लागली की तिथल्या सरकारने १६८६ साली त्यावर बंदी घातली आणि ती १७५९ पर्यंत टिकली. त्याच काळात मार्सेल बंदराच्या परिसरात पांढऱ्या कापडावरचे रुईभरले टाके हा मोठा धंदा बनला होता.

हे सगळे ज्याच्यावर उभे, तो कापूस पिंजणारा माणूस मात्र आमच्याच मोहल्ल्यात राहतो. पिंजारी, नद्दाफ, मन्सुरी अशी त्याची नावे. खांद्यावर धुनकी घेऊन, तिच्या तातीचा 'तुं तुं' आवाज काढीत तो गल्लीगल्लीतून फिरायचा. धुनकी छताला टांगायची, हातातल्या लाकडी दस्त्याने ताणलेल्या तातीवर ठोका द्यायचा, की दबलेल्या कापसाचा ढग होतो. 'मन्सुरी' हे नाव ही बिरादरी हुसैन इब्ने मन्सूर हल्लाज यांच्याशी जोडते. बगदादमध्ये ९२२ साली ज्यांना सुळावर चढवले ते हे सूफी. 'हल्लाज' या शब्दाचा अर्थच कापूस पिंजणारा. ज्या धंद्याच्या नावाने जगाने एक सूफी लक्षात ठेवला, तो धंदा सांगायला आज आमच्या पोरांना संकोच वाटतो. आमच्या वर्गातला तो मुलगा पिंजाऱ्याचाच. शाळेच्या फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायापुढे त्याने 'व्यापार' असे लिहिले होते.

थट्टेपासून तबेल्यापर्यंत

आता रुईदार जाकिटाच्या अलीकडच्या इतिहासाकडे वळू. त्याची सुरुवात मोठी मजेदार आहे, कारण तीही थट्टेनेच झाली.

१९२२ साली ब्रिटिश गिर्यारोहकांची तुकडी एव्हरेस्टवर गेली. त्या काळी लोकरीचे बनियन, स्वेटर आणि ट्वीडचे कोट घालून लोक पहाड चढत. त्या तुकडीत जॉर्ज फिंच नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांनी बलूनसाठी वापरले जाणारे हलके कापड घेतले, त्यात आयडर बदकाची मऊ पिसे भरली आणि टाके घालून कोट शिवून घेतला. सोबत्यांनी आधी त्याची टवाळी केली. पण वर जीवघेण्या वाऱ्यात तोच कोट उबदार राहिला आणि टवाळी करणारे हेव्याने पाहू लागले. महाराष्ट्राच्या वाचकाला सांगण्याजोगी गोष्ट अशी की हेच फिंच पुढे १९५२ ते १९५७ या काळात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक होते.

रजई ऊब कशी देते, हे आम्ही वर्गात असे सांगतो. ऊब कापसात नाही आणि पिसांतही नाही. ती आत अडकलेल्या, न हलणाऱ्या हवेत आहे. शरीराची उष्णता त्या हवेतून बाहेर पडायला वेळ लागतो. आतला माल एका जागी सरकला की तिथे गोळा होतो, दुसरीकडे पोकळ राहते आणि थंडी तिथून घुसते. टाक्यांच्या चौकटी त्या मालाला आपापल्या घरात बांधून ठेवतात. टाका ही शोभा नंतर झाली. आधी ती गरज होती.

अमेरिकेत एडी बाउअर यांनी १९३६ साली पिसांचे टाकेबंद जाकीट काढले आणि १९४० मध्ये त्याच्या नमुन्याचे पेटंट मिळवले. १९३७ साली चार्ल्स जेम्स या शिंप्याने पांढऱ्या साटीनचे, पिसांनी फुगवलेले जाकीट संध्याकाळच्या मेजवानीसाठी शिवले. ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. पहाडातला कोट दिवाणखान्यात आला तो असा.

फ्रान्समध्ये ग्रेनोबल शहराजवळ मोनेस्तिए-द-क्लेर्माँ नावाचे डोंगरी गाव आहे. त्या नावाची अक्षरे जोडून १९५२ साली 'मोंक्लेर' ही कंपनी निघाली. तिचा पहिला माल म्हणजे तंबू आणि झोपायच्या पिशव्या. पिसांची पहिली जाकिटे तिने कारखान्यातल्या मजुरांसाठी शिवली. थंडीत काम करताना ती कामाच्या कपड्यांवरून घालायची होती. लिओनेल तेरे या गिर्यारोहकाच्या नजरेस ती पडली आणि १९५४ साली के-टू शिखर सर करणाऱ्या इटालियन मोहिमेबरोबर मोंक्लेरचा माल गेला. पुढे मिलानच्या रस्त्यांवरून फिरणाऱ्या हौशी तरुणांनी १९८० च्या दशकात हीच जाकिटे मिरवली, आणि २००३ नंतर नव्या मालकाच्या हाती कंपनी ऐटबाज दुकानांच्या रांगेत जाऊन बसली. मजुराच्या अंगावरचे जाकीट मजुराला विकत घेता येणार नाही एवढे महाग व्हायला जेमतेम पन्नास वर्षे लागली.

आमच्या वर्गात आले त्या शंकरपाळी टाक्यांच्या जाकिटाची कथा इंग्लंडातली. अमेरिकी हवाईदलातून निवृत्त झालेले स्टीव्ह गायलस हे सफोक परगण्यातल्या टॉस्टॉक गावी स्थायिक झाले होते. १९६५ साली त्यांनी 'हस्की' नावाचे नायलॉनचे, आत कृत्रिम भरण असलेले, कॉर्डरॉय कॉलरचे टाकेबंद जाकीट काढले. घोडेस्वारी आणि शिकार करणाऱ्यांना हलके, उबदार, धुता येणारे वस्त्र हवे होते. राजघराण्याने ते वापरले आणि त्याचा बोलबाला झाला. इटलीतल्या शहरी तरुणांनीही पुढे तेच अंगावर चढवले.

कोको शनेल यांनी फेब्रुवारी १९५५ मध्ये काढलेली, खांद्याला लटकवायची टाकेबंद चामड्याची पर्सही याच कुळातली. तिच्यावरचा शंकरपाळी टाका घोड्यांच्या शर्यतीतल्या स्वारांच्या आणि तबेल्यातल्या पोरांच्या जाकिटांवरून सुचला, असे सांगितले जाते. शनेल स्वतः अनाथालयात वाढल्या होत्या. मोतद्दाराच्या पाठीवरचा टाका त्यांनी शेठाणीच्या खांद्यावर नेला.

वारसा म्हणजे काय?

घोडेस्वाराचे बोधचिन्ह असलेल्या घराण्याची, म्हणजे बर्बरीची, सुरुवातही कामाच्या कपड्यातच आहे. कापडाच्या दुकानात उमेदवारी केलेल्या थॉमस बर्बरी यांनी १८५६ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, बेझिंगस्टोक गावात दुकान घातले. १८७९ मध्ये त्यांनी 'गॅबर्डीन' हे कापड काढले आणि १८८८ मध्ये त्याचे पेटंट घेतले. विणण्याआधीच सुताला पाणी न धरण्याची प्रक्रिया करायची आणि मग वीण घट्ट ठेवायची, ही त्यातली युक्ती. १९११ साली दक्षिण ध्रुवावर पोहोचलेल्या आमुंडसेनच्या तुकडीकडे याच कापडाचा तंबू होता, आणि पहिल्या महायुद्धात खंदकांतले अधिकारी याच कापडाचा कोट घालत. बार्बर हे दुसरे घराणे १८९४ साली साउथ शील्ड्स या बंदरात सुरू झाले. तिथले पहिले गिऱ्हाईक म्हणजे खलाशी, कोळी आणि गोदीतले कामगार. त्यांच्यासाठी मेणकापडाचे कोट शिवले जात. त्या कोटाला पुन्हा मेण चढवून देण्याची आणि फाटके सांधून देण्याची कंपनीची रीत आजही आहे. त्यामुळे एक कोट बापाकडून मुलाकडे जातो आणि विटलेला कोट घालणे तिथे मानाचे समजले जाते.

म्हणजे हा वारसा सैनिकाचा, मजुराचा, खलाशाचा, मोतद्दाराचा. घराण्यांनी तो सांभाळला हे खरे, आणि चांगल्या कापडाला, पक्क्या शिलाईला त्यांनी मान दिला हेही खरे. तेवढे श्रेय त्यांना द्यायला हवे. पण वारसा हा शब्द विकायला काढला की त्यातला माणूस हळूच गळतो. वेल्समधल्या ट्रिऑर्की गावी बर्बरीचा कारखाना होता. कंपनीने तो मार्च २००७ मध्ये बंद केला आणि सुमारे तीनशे कामगारांचा रोजगार गेला. कामगारांनी मोठे आंदोलन केले, पण काम स्वस्त मजुरीच्या देशांकडे गेलेच. कंपनीला इंग्रजी वारसा हवा होता. तो शिवणाऱ्या बाया मात्र परवडत नव्हत्या.

त्याहून धक्का देणारी बातमी २०१८ सालची. मार्च २०१८ अखेरच्या एका वर्षात याच कंपनीने २ कोटी ८६ लाख पौंडांचा न खपलेला माल नष्ट केल्याचे तिच्याच अहवालातून बाहेर आले. असे करणारी ती एकटी नव्हती. माल स्वस्तात विकला तर नावाची किंमत उतरेल, ही त्यामागची भीती. ओरड झाल्यावर सप्टेंबर २०१८ मध्ये कंपनीने ही पद्धत बंद केल्याचे जाहीर केले आणि फ्रान्सने २०२० साली असल्या नासाडीविरुद्ध कायदा केला. आम्ही हे वाचले तेव्हा डोळ्यांसमोर दुसरे काही आले नाही. दप्तरात कोंबलेले जाकीट आणि सदऱ्यावर कुडकुडणारा मुलगा, एवढेच आले.

उतरन म्हणजेच खिलअत

आता तो शब्द, ज्याच्यावर वर्ग हसला होता.

बादशहा ज्याच्यावर खूश होई त्याला खिलअत देई, हे आपण इतिहासात शिकतो आणि शिकवतो. पण 'खिलअत' या शब्दाचा अर्थ किती जणांना ठाऊक असतो? अरबी धातू 'ख-ल-अ', अर्थ अंगावरून काढणे, उतरवणे. स्त्रीने नवऱ्यापासून मागितलेल्या तलाकला 'खुला' म्हणतात, तोही याच धातूचा. खिलअत म्हणजे अंगावरून उतरवून दिलेले वस्त्र. साध्या भाषेत सांगायचे तर उतरन! पुढे तोशाखान्यातल्या कोऱ्या पोशाखांनाही खिलअत म्हणू लागले. तरी मुघल दरबारात सगळ्यात मोठा मान होता तो बादशहाने स्वतः वापरलेल्या 'मलबूसे खास'चा. कोऱ्यापेक्षा वापरलेले मोलाचे.

याहून जुनी आणि पवित्र आठवण आपल्याकडे आहे. कवी काब बिन जुहैर यांनी कसीदा पेश केला तेव्हा हजरत पैगंबर (स.) यांनी आपल्या अंगावरची चादर काढून त्यांना दिली, आणि ती चादर पुढे अमीर मुआविया यांनी काब यांच्या वारसांकडून मोठी रक्कम देऊन घेतली, असे परंपरा सांगते. तिथे कोणी तिला उतरन म्हणाले नाही.

खिलअतीची दुसरी बाजूही ध्यानात ठेवली पाहिजे. ती अंगावर चढवणे म्हणजे देणाऱ्याची ताबेदारी कबूल करणे. १६६६ साली आग्र्याच्या दरबारात अपमान झाल्यावर शिवाजी महाराजांनी खिलअत घ्यायचे नाकारले, ते यामुळेच. वस्त्राबरोबर नाव येते आणि नावाबरोबर मालकी. आज लाख रुपये मोजून दुसऱ्याच्या नावाची पट्टी छातीवर मिरवणाऱ्यांनीही ही गोष्ट कधी तरी आठवावी.

जुन्या कपड्यावर नेमकी मालकी कुणाची, हे भांडण आता न्यायालयातही गेले आहे. पॅरिसची 'व्हेस्टिएर कलेक्टिव्ह' २००९ पासून आणि अमेरिकेची 'द रिअलरिअल' २०११ पासून वापरलेल्या उंची कपड्यांचा व्यापार करतात. नोव्हेंबर २०१८ मध्ये शनेलने 'द रिअलरिअल'विरुद्ध न्यूयॉर्कला दावा लावला. आमच्या नावाचा नकली माल विकला जातो आणि माल अस्सल आहे की नाही हे फक्त आम्हीच सांगू शकतो, असे शनेलचे म्हणणे. उलट बर्बरीने २०१९ साली त्याच व्यापाऱ्याशी हात मिळवला. एका घराण्याला जुना माल म्हणजे धोका वाटला, दुसऱ्याला तोच संधी वाटला.

अस्सल ओळखायचा तरी कसा? जाणकार लोक नावाच्या पट्टीआधी शिलाई पाहतात. चौकटींच्या रेघा शिवणीवर एकमेकींना भिडतात का, खिशाच्या झाकणावर नक्षी न तुटता पुढे जाते का, टाक्यांचे अंतर शेवटपर्यंत सारखे आहे का, आतला माल गोळा झाला आहे का, चाप घट्ट लागतो का. हे सारे पाहून झाल्यावर पट्टी. म्हणजे खरी पारख शिवणाऱ्याच्या हाताचीच होते. फरक एवढाच की किंमत नावाच्या खात्यात जमा होते.

आपल्याकडे जुन्या कपड्याचा व्यवहार काही नवा नाही. जुन्या साड्यांवर भांडी देणारी बोहारीण मुंबईच्या चाळींनी पिढ्यानपिढ्या पाहिली. कांडल्याला परदेशी जुने कपडे निवडले जातात आणि पानिपतला जुन्या लोकरीचे सूत होऊन त्याच्या चादरी-घोंगड्या विणल्या जातात. ही कामे करणाऱ्या बायाबापड्यांना कोणी 'वारसा' म्हणत नाही. पण कापडाला दुसरा जन्म देणारे हात तेच आहेत.

टाका अपनाच है

एवढे वाचून झाल्यावर आम्ही एके दिवशी त्या मुलाच्या घरी गेलो. वडील गाद्यांच्या दुकानात होते. फोमच्या गाद्या आल्यापासून दुकान रडतखडतच चालते. आजोबा ओसरीवर बसलेले. त्यांची धुनकी माळ्यावर आडवी पडली होती, तात केव्हाच तुटलेली. आम्ही जाकीट त्यांच्या हातात दिले. त्यांनी पट्टी पाहिलीच नाही. डोळे मिटल्यासारखे करून दोन बोटे टाक्यांवरून फिरवली, एक-एक चौकट दाबली आणि काखेजवळ थांबले. "यहाँ माल सरक गया है," म्हणाले. मग हसले. "माल विलायती है मास्टर, टाका अपनाच है."

सुई-दोरा मागवून त्यांनी ती चौकट उसवली, भरण बोटांनी मोकळे केले आणि पुन्हा शिवली. नातू बाजूला बसून पाहत होता. नवे टाके कोणते आणि जुने कोणते, हे आम्हाला मागाहून ओळखता आले नाही.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही सातवीच्या तासाला फळ्यावर 'ख-ल-अ' लिहिले आणि मुलांना त्यातून निघणारे शब्द सांगायला लावले. 'खिलअत'चा अर्थ सांगितल्यावर मागच्या बाकावर थोडी शांतता झाली. त्यानंतर तो मुलगा जाकीट घालून आला. आमच्या तासामुळे आला, असा दावा आम्ही करणार नाही. त्या दिवशी थंडीही फार होती.

शाळेचा फॉर्म मात्र यंदा पुन्हा भरायचा होता. वडिलांच्या व्यवसायापुढे त्याने 'व्यापार'च लिहिले. पण त्याखाली एक रिकामी रेघ असते, कुटुंबाच्या परंपरागत धंद्याची. ती दर वर्षी कोरीच राहायची. यंदा त्यावर त्याने उर्दूत, जरा वाकड्या अक्षरात, एकच शब्द लिहिला होता. 'नद्दाफ.'